जपाचा अंगठी-काउंटर, दिवास्वप्नांसाठी वापरलेला

हा रिव्ह्यू नामजपाच्या काउंटरचा आहे. बोटात घालायचा, प्लॅस्टिकचा, वर एक मोठं बटण आणि छोटासा पाच आकडी स्क्रीन असलेला. देवस्थानाबाहेरच्या दुकानांत माळा आणि गोमुखीच्या शेजारी ज्याचा रंगीबेरंगी ढीग लावलेला असतो, तोच. मी तो जपासाठी घेतलेला नाही. मन गोष्टीत शिरलं आणि तिथून परत आलं की एकदा दाबायचा, एवढ्यासाठी मी तो वापरते. ऑनलाइन या काउंटरखाली जे अभिप्राय वाचले ते सगळे जप करणाऱ्यांचे होते. माझ्यासारखं काम त्याच्याकडून करून घेणाऱ्या कुणाचं काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते काम काय आहे ते सांगायला हवं. सातवीत असताना माझ्या मनात एक वाडा उभा राहिला. वाईचा, कृष्णेच्या घाटाजवळचा, मागच्या अंगणात विहीर असलेला. त्यात माणसं राहायला आली. थोरले काका, काकू, गाणं शिकणारी एक मुलगी, तिचा मुंबईला गेलेला भाऊ. ती माणसं माझ्याबरोबर वाढली. त्यांची लग्नं झाली, भांडणं झाली, वाटण्या झाल्या. थोरले काका गेले तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि डोळ्यांचं पाणी खळेना. घरच्यांनी विचारलं तेव्हा डोळ्यात पीठ गेलं म्हणून सांगितलं. आज मी पस्तिशी ओलांडली आहे, सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते आणि तो वाडा अजून नांदता आहे.

वाडा खरा नाही हे मला दर क्षणाला ठाऊक असतं. मला आवाज ऐकू येत नाहीत, भास होत नाहीत. पण तिथे जायची ओढ इतकी असते की समोरचं खरं माणूस नकोसं वाटतं. जायला दोन गोष्टी लागतात, एक ठरावीक गाणं आणि चालणं. रात्री जेवणं झाली की कानात इअरफोन घालून गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत आणि परत. तेच गाणं पुन्हा पुन्हा. शेजारच्यांना वाटतं, ही फार नेमाने शतपावली करते. खाली येते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि सकाळी सहाचा डबा असतो.

दिवसाचं नुकसान याहून मोठं आहे. उतरायचं असतं विश्रामबागला आणि भान येतं तेव्हा बस मिरजेत शिरलेली असते. आई काहीतरी सांगत असते, मी हुंकार देत असते आणि शेवटी ती विचारते, “काय म्हणाले मी?” महिन्याच्या वीस तारखेच्या आधी जीएसटीच्या रिटर्नची घाई असते, समोर हळदीच्या व्यापाऱ्याची बिलं असतात, त्यात एखाद्या बिलावर वाईचा पत्ता दिसतो आणि बोटं कीबोर्डवर तशीच राहतात. वाचायला घेतलेलं पुस्तक चौथ्या पानाच्या पुढे जात नाही, कारण चौथ्या पानावरच्या एखाद्या खिडकीतून मी वाड्यात गेलेली असते. मैत्रिणींशी फोनवर बोलणं कमी होत गेलं. बोलायला वाड्यात माणसं होती.

या प्रकाराला मॅलॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी 2002 मध्ये आपल्याकडे येणाऱ्या सहा रुग्णांवरून पहिल्यांदा त्याबद्दल लिहिलं. माणसांतला वावर, शिक्षण किंवा काम यांच्या आड येणारं कल्पनाविश्व, असा त्यांच्या व्याख्येचा अर्थ. 2016 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 14 प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. पुढे त्यात आणखी दोन प्रश्न घातले आणि ते दोन्ही संगीताबद्दलचे आहेत. ते दोन प्रश्न मी बसमध्ये वाचले. वीस-बावीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते कुणीतरी दूरच्या देशात छापून ठेवलं होतं. मला फार हलकं वाटलं. मनोविकारांच्या अमेरिकी यादीत, म्हणजे डीएसएममध्ये, याची स्वतंत्र नोंद अजून नाही. त्यामुळे डॉक्टरांपुढे हे नाव घेतलं तर त्यांनी ते ऐकलेलं असेलच असं नाही. मी ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी नाव बाजूला ठेवून मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी मन कधी जातं, कुठून जातं, ते लिहून ठेवा. मग बोलू.”

लिहून ठेवण्यात अडचण अशी की वही काढेपर्यंत अर्धं निसटून जातं. भाकरी थापताना वही कुठे काढणार? मोबाईलमध्ये नोंद करणारी ॲप्स आहेत, तीही घेऊन पाहिली. माझ्यासारखीला ती कामाची नाहीत, कारण मोबाईल उघडला की बोटाच्या पहिल्या दोन हालचालींत ते गाणं समोर येतं. मन गेलं की मनगटाला बांधलेलं रबर ताणून स्वतःला चटका द्यायचा, असा उपाय कुणीतरी सुचवला होता. तो मी घेतला नाही आणि कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. वाड्यातून परत येणं आधीच अवघड असतं. त्या परतीच्या दारात स्वतःला मार देण्यासाठी कुणी उभं राहू नये.

मग आम्ही सगळे नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. स्टँडवरून देवळाकडे जाताना दोन्ही बाजूंना पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी यांची दुकानं आहेत, मध्येमध्ये पूजासाहित्याची. आईला तिथे हा अंगठी-काउंटर घ्यायचा होता. तिच्या बोटांना आता माळेचे मणी नीट कळत नाहीत. दुकानदाराने पन्नास रुपये सांगितले आणि तिच्या बोटात घालून, दाबून दाखवला. मी म्हटलं, मलाही एक द्या.

“तू कुठला जप धरलास गं?” आईने विचारलं.

मी तिला संगमाकडे तोंड करून घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यावर सगळं सांगितलं. वाड्याचं पहिल्यांदाच. ती म्हणाली, “मन कुणाचं ठिकाणावर असतं? मला पण जप करताना गॅसवरची आमटी दिसते.” तिचं खरं आहे, आणि माझ्यात नि तिच्यात फरक आहे तोही इथेच. तिचं मन आमटीकडे जातं आणि आपसूक येतं. माझं गेलं की तासभर येत नाही, आणि आलं तर मला वाईट वाटतं. हे मी तिला म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने माझ्या बोटातला काउंटर फिरवून बटण वरच्या बाजूला करून दिला.

आता वस्तूबद्दल. मी जो घेतला तो निळा आहे, कंपनीचं नाव कुठेही नाही, खोक्यावरही नाही. वजन जाणवत नाही. पट्टा मऊ रबरासारखा आहे आणि कुठल्याही बोटाला बसवता येतो. मोठं बटण अंगठ्याखाली बरोबर येतं, न बघता दाबता येतं आणि दाबलं गेल्याचं बोटाला कळतं. माझ्या कामासाठी हा सगळ्यात मोठा गुण. स्क्रीनवर बघावं लागत नाही, हातातलं काम थांबत नाही, समोरच्याला कळतही नाही. आवाज अगदी बारीक आहे, ऑफिसात शेजारच्या टेबलापर्यंत जात नाही. कुणी पाहिलंच तर जपाचा आहे म्हणून आदराने सोडून देतात. पहिले काही दिवस मला त्याचा संकोच वाटला, लोकांना आपण काहीतरी वेगळंच भासवतोय असा. आईच म्हणाली, बोटातल्या वस्तूचा हिशेब सगळ्यांना द्यायचा नसतो. तेव्हापासून तो प्रश्न उरला नाही.

दोष दोन. पहिला गंभीर आहे. शून्य करायचं छोटं बटण मोठ्या बटणाच्या इतकं जवळ आहे की पर्समध्ये हात घातला, डब्याचं झाकण आवळलं, पिशवी उचलली की दिवसभराचा आकडा शून्य. जप करणाऱ्याला माळांचा अंदाज तरी असतो. इथे गेलेला आकडा परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही. मी नळाचं एक बारीक वॉशर आणून त्या छोट्या बटणाभोवती फेविक्विकने चिकटवलं. आता बटण खोलगटात गेलं आहे, शून्य करायला टाचणीचं डोकं लागतं. वॉशर चिकटवताना फेविक्विकचा थेंब बटणावर जाऊ देऊ नका, काडीच्या टोकाने लावा. दुसरा दोष पाण्याचा. भांडी घासताना काढून ठेवावाच लागतो, आणि सिंकसमोरची वेळ ही मन सुटायची हक्काची वेळ. त्यासाठी मला उपाय सापडलेला नाही. भांडी झाल्यावर आठवून दाबते.

गोल, स्टीलचा, चार आकडी यांत्रिक काउंटरही मिळतो, गेटवर माणसं मोजायला वापरतात तसला. तो पण आणून पाहिला. मजबूत आहे, सेल लागत नाही, शून्य करायला बाजूची चावी फिरवावी लागते, त्यामुळे चुकून शून्य होत नाही. पण त्याची टकटक सगळ्या ऑफिसला ऐकू जाते आणि तो मुठीत धरावा लागतो. घरून काम करणाऱ्याला चालेल.

वापरायची पद्धत मी अशी ठरवली की मन जाताना दाबायचं नाही. जाताना कळतच नाही, कळलं असतं तर गेलं कशाला असतं? परत आल्याचं लक्षात आलं की दाबायचं. एकदा. स्वतःला काही बोलायचं नाही, दाबायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं. रात्री आकडा वहीत लिहायचा, सकाळचा स्वयंपाक, बस, ऑफिसची दुपार, संध्याकाळ अशा चार रकान्यांत. त्यासाठी प्रत्येक टप्प्याला आकडा डोक्यात धरावा लागतो किंवा तळव्यावर पेनने लिहावा लागतो. टप्पे वेगळे साठवणारा काउंटर कुणी केला तर मी तिप्पट पैसे देऊन घेईन.

आकड्याचा अर्थ लावताना मात्र सांभाळा. सुरुवातीच्या आठवड्यांत माझा आकडा वाढत गेला आणि मी घाबरले. डॉक्टरबाईंना वही दाखवली तर त्यांना आनंद झाला. वाढलेला आकडा म्हणजे मन जास्त वेळा गेलं असं नव्हे, परत आल्याचं जास्त वेळा लक्षात आलं असंही असू शकतं. पूर्वी दुपारभर मी एकदाच गेलेली असायची. तीच दुपार आता तुटक तुटक झाली होती, दोन बिलं केली, गेले, आले, दाबलं, तीन बिलं केली. उलट ज्या दिवशी आकडा अगदी कमी असायचा तो दिवस आठवून बघितला तर बहुतेक वेळा वाड्यात मोठं काहीतरी चाललेलं असायचं, लग्न किंवा आजारपण.

काउंटरची खरी मर्यादा इथे आहे. मिनिटभराची झुळूक आणि तासाभराची गैरहजेरी, दोन्हीला तो एकच मोजतो. यावर तोड म्हणून मी जुनं कॅसिओचं एफ-91डब्ल्यू घड्याळ कपाटातून काढलं. त्यात दर तासाला बीप वाजायची सोय आहे. बीप वाजली की त्या क्षणी मी कुठे होते ते बघायचं, वाड्यात असले तर वहीत फुली, इथे असले तर टिंब. फुल्या आणि काउंटरचा आकडा शेजारी शेजारी मांडले की चित्र खरं निघतं. फुल्या कमी होणं हे लक्षण मानायचं, आकडा कमी होणं नव्हे.

वहीने मला दाखवलेलं काही मला अजिबात माहीत नव्हतं. बस ही मला सगळ्यात वाईट जागा वाटायची, ती तशी निघाली नाही. सगळ्यात जास्त फुल्या दुपारी तीन ते पाच, आणि त्यातही ज्या दिवशी ऑफिसात कुणीतरी मला काही बोललेलं असे त्या दिवशी. आवाज चढवून नव्हे, साधंच, “हे अजून झालं नाही का?” इतकं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत वाड्याचं दार उघडलेलं असायचं आणि तिथे कुणीतरी त्या गाणाऱ्या मुलीचं कौतुक करत असायचं. हे कळल्यावर मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले. आता तसं काही बोललं गेलं की मी उठते, पाणी पिते, त्या माणसाकडे जाऊन “कशासाठी लागतंय, आधी कुठलं करू?” एवढं विचारते. दरवेळी जमत नाही. जमतं त्या दुपारी फुल्या कमी असतात.

स्वतःची नोंद ठेवण्याने काय होतं याचा आधारही आहे. 2023 मध्ये सोमर आणि बेन-गुरियन विद्यापीठातल्या निरित सोफर-डुडेक यांच्या गटाने 353 जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव, आणि स्वतःची नोंद ठेवणं यांचा एक छोटा ऑनलाइन कार्यक्रम लोकांनी आपापल्या घरी करायचा होता. त्याने लक्षणं कमी झाली. मी पन्नास रुपयांच्या काउंटरने करतेय ते त्यातल्या नोंदीच्या भागाचं घरगुती रूप आहे, एवढंच म्हणेन. सोबत रोज सकाळी दहा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवते. तिथेही मन जातं. तिथेही दाबते.

कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना मोजण्याचीच ओढ आहे, जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय चढता येत नाही, आकडा सम आला नाही तर जीव घाबरतो, त्यांनी हा काउंटर बोटात घालण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. अति दिवास्वप्नं आणि ओसीडीसारखी, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत अशी लक्षणं एकत्र दिसतात हे संशोधनात आलेलं आहे, आणि मोजणं हाच तिथे नवा फास होऊ शकतो. लक्ष टिकत नसण्यामागे एडीएचडी, म्हणजे एकाग्रतेचा आणि चंचलतेचा विकार, असू शकतो. 2017 मध्ये अशा अति दिवास्वप्नं पाहणाऱ्या 39 जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या, त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त जणांत एडीएचडीची लक्षणं निकषात बसली. त्याची तपासणी काउंटर करू शकत नाही. आणि कल्पनेत जाण्यामागे एखादं मोठं दुःख, लहानपणचा त्रास असेल तर एकट्याने आकडे लिहीत बसू नका. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ज्यांच्या मनात साधी, सुखाची, दिवसातून कधीतरी येणारी स्वप्नं चालतात त्यांनी यातलं काहीच करू नये. जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर दिवास्वप्नांचाच अभ्यास केला आणि त्यातली पुष्कळशी निकोप, उपयोगाची असतात हे दाखवलं. नवरा किंवा मुलगी खिडकीबाहेर बघत बसली म्हणून हा काउंटर त्यांच्या बोटात घालू नका, कृपा करून. ज्याचं मन त्यालाच ठरवू दे.

माझ्यात काय बदललं ते विचाराल तर गच्चीवरचं चालणं आहे, इअरफोन नाही. गाणं नसलं की वाडा फिकट होतो, अर्ध्या तासात पाय दुखतात आणि मी खाली येते. झोप वाढली. विश्रामबागला बहुतेक वेळा उतरते. आईचं बोलणं ऐकू येतं, आणि मन गेलं तर आता मीच सांगते, “मी गेले होते, परत सांग.” ती परत सांगते. वाड्यातली माणसं गेलेली नाहीत. ती जावीत असं मला वाटत नाही, डॉक्टरबाईंनीही तसं म्हटलेलं नाही. वाड्यातल्या माणसांकडे मी रविवारी दुपारी जाते, ठरवून, बसून.

घ्यायचा असेल तर दुकानातच दोन्ही बटणं पंचवीस-तीस वेळा दाबून बघा. काही नगांचं मोठं बटण दोनदा मोजतं, काहींचं एकेक दाब खातं. लाइट असलेला घेऊ नका, रात्री अंथरुणात तो डोळ्यांवर येतो. मागचं झाकण स्क्रूचं असलेला बघा, कारण दाबून बसवलेलं झाकण सेल बदलताना तुटतं. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, जुना सोबत घेऊन गेलात की तो त्याच मापाचा देतो. शून्याच्या बटणासाठी माझा एक तारा कापते. पाचपैकी चार.